पुंजारामवरचा लेख

मस्तगड, जालना
१९ नोव्हेंबर २०२५

प्रिय नाजिया,

अनेक आशीर्वाद. अम्मीच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं तुझ्या भावाकडून, इजहारकडून कळलं. त्यांना इतक्यात जिना चढू देऊ नकोस. इकडे थंडी पडली आहे. मी बरी आहे.

माझ्या लेखांच्या पुस्तकाची मुद्रितं मिळाली. चुका फार आहेत, लाल शाईनं खुणा केल्यात. तुझ्या प्रस्तावनेतला 'निर्भीड' हा शब्द काढ. माझ्या राजकीय विचारांचं मूळ माझ्या कॅथलिक श्रद्धेत आहे, हे मात्र तू बरोबर लिहिलंस. बाकीचे मला नुसतं जुनाट समजतात. वडील धावड्याच्या बाजूला खेड्यांत धर्मशिक्षण द्यायचे. माणूस आधी घरात घडतो, मग राज्यात, हे त्यांचं वाक्य. चर्चची शिकवण मी पुढे स्वतः वाचली: जे घराला जमतं, ते वरच्यांनी हिसकावू नये. याच आधारावर मी तीस वर्षं सरकारी वृद्धाश्रमांविरुद्ध लिहिलं.

तू मोर्चात जाणारी. वर्गात उभी राहून विचारलं होतंस, "मॅडम, ज्याच्या घरात कोणीच न्हाई त्यानं काय करायचं मंग?" मी तुला खाली बसवलं. उत्तर मला माहीत होतं. घर थकलं तर वरच्यांनी हात दिलाच पाहिजे, असं त्याच शिकवणीत पुढे आहे. तो भाग मी कधी शिकवला नाही. तो तुमच्या बाजूचा होता.

आता बाविसाव्या लेखाबद्दल.

पुंजाराम आमच्या चर्चची घंटा वाजवायचा. तू नाताळला यायचीस तेव्हा केक वाटणारा तोच. वय बहात्तर, मूलबाळ नाही. बायको उषाबाई पक्षाघातानं खाटेला खिळलेल्या. यंदा ईस्टरआधीच्या उपवासकाळात तो आमच्या चर्चच्या समितीपुढे आला; मीही त्या समितीवर आहे. सिस्टरांच्या मठात एक खोली रिकामी होती, तिथं बायकोला ठेवा म्हणाला. त्याला आता तिला उचलवत नव्हतं. फादर तयार होते. मी म्हटलं, सुखात नि दुखण्यात साथ देण्याचं वचन लग्नात वेदीपुढे पुंजारामनं दिलं होतं, सिस्टरांनी नाही. मी बोलल्यावर सहसा कोणी बोलत नाही. तो 'बराबर आहे बाई' म्हणून निघून गेला.

त्याच आठवड्यात मी पेपरात तो लेख लिहिला, त्याच्या नावानिशी. कोणापुढे हात न पसरता बायकोची सेवा करणारा गरीब माणूस. देश अशा घरांवर उभा असतो, सरकारवर नाही, वगैरे. रविवारी मिस्साच्या उपासनेनंतर तो चर्चमध्ये वाचला गेला. टाळ्या पडल्या. जूनमध्ये फादरांनी त्याला पुन्हा विचारलं, खोली अजून रिकामी आहे. तो नको म्हणाला. ते ऐकून मला समाधान वाटलं.

ऑगस्टमध्ये उषाबाईंना उचलताना तो पडला. खुबा मोडला. दीड दिवस तो जमिनीवर आणि उषाबाई खाटेवर. रविवारी घंटा झाली नाही म्हणून लोक घरी बघायला गेले. आठ दिवसांनी तो दवाखान्यात वारला. तुला तेव्हा मी फक्त 'पुंजाराम गेला' एवढंच कळवलं होतं.

उषाबाई आता सिस्टरांकडे आहेत, त्याच खोलीत. मी भेटायला गेले. त्या अडखळत बोलतात, पण समजतं.

"तुमचा लेख त्यांनी भिंतीला लावल्ता. मी म्हणायचे, फादरला हो म्हणा. ते म्हणायचे, पेपरात आल्यावर कसं मागू? बाईंचं खोटं पडंल."

सूर तक्रारीचा नव्हता. मग पाणी मागितलं. मी पाजलं, थोडं सांडलं.

मी कन्फेशन केलं. फादरांनी पापक्षमा दिली, तीन प्रार्थना सांगितल्या. ती क्षमा खरी आहे, यावर माझा विश्वास आहे. पण ती कन्फेशनच्या जाळीआड मिळाली. टाळ्या भरल्या चर्चमध्ये मिळाल्या होत्या.

तू माझ्या काळजीपोटी तो लेख गाळशील. गाळू नकोस. शब्दही न बदलता छाप, आणि त्याच्या खालीच या पत्रातला पुंजारामचा सगळा मजकूर छाप. त्याशिवाय पुस्तक निघणार नाही. घर पहिलं, हे मी आजही मानते. तू उगाच खूश होऊ नकोस. पुंजारामचं नाव छापू का, असं उषाबाईंना विचारलं. म्हणाल्या, "राहू द्या. त्यांना आवडलं होतं."

फोन करू नकोस, मी उचलणार नाही. त्या मजकुराखाली 'निवृत्त प्राध्यापक' घालू नकोस. नुसतं नाव पुरे.

उमा लोखंडे