लाल फळा

२ ऑक्टोबर
पुन्हा बानित्सा भाजली. चीजची, मोठा ट्रे भरून. नवऱ्याच्या आणि लेकीच्या ऑफिसचा नियमच – ज्याच्यामुळे फळा लाल होईल त्याने सगळ्यांना बानित्सा खिलवायची. आठवडाभर आमची लेक रालित्साच. खाणारे ते, भाजणारी मी!

मिरच्या सोलताना तिला म्हटलं, एकदा नीट सांग, काय उद्योग करून ठेवलास. मी शिवणकारखान्यातली बाई, सातवीत शाळा सुटली. पण एवढं कळलं – यांचा कंपायलर माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवतो. तो चुकत नाही ना, हे बघायला रोज ढीगभर चाचण्या आपोआप चालतात. ऑफिसातल्या फळ्यावर पास हिरवी, नापास लाल. त्या चालवणारा प्रोग्राम माझ्या नवऱ्याचा, गाव्रिलचा. एखादी नापास झाली की तो ती परत चालवतो, परत चालवतो – एकदा पास झाली की हिरवी! बानित्सा चुकवायला तरुणपणी काढलेली युक्ती. साहेबाने, पेन्चेवने, तोच सुधारायला पोरीला दिला. तिने ते परत-परत चालवणं काढून टाकलं. नापास म्हणजे नापास. शिवाय सगळ्या एकदम सोडते, वेळ वाचतो म्हणे.

फळा लालभडक.

५ ऑक्टोबर
जेवताना जुंपली.

"एवढ्या चाचण्या एकदम सोडल्यास तर यंत्र धापा टाकणारच! कंपायलर धडधाकट आहे. खुळं आहे ते तुझं काम."

"बाबा, ती गुणाकाराची चाचणी खरंच नापास होतेय. लिफ्ट बनवणाऱ्यांना कंपायलरची नवी आवृत्ती जाणार आहे. लिफ्ट दोनदा न थांबता तिसऱ्या खेपेला थांबली तर चढाल का तुम्ही तिच्यात?"

"जिन्याने जाईन. तुझी कटकट तरी नसेल."

मी सूप ठेवलं. कुणी ढुंकून पाहिलं नाही. गार सूप मी एकटीने प्यायले.

८ ऑक्टोबर
शुक्रवारी पेन्चेव ठरवणार, बापाचं ठेवायचं की लेकीचं. रालित्सा म्हणाली, माझं काढलं तर मी या गावात राहत नाही.

"नको राहूस!" – गेलं माझ्या तोंडातून. ही जीभ!

९ ऑक्टोबर
तिला बजावलं, बापाची माफी माग. त्याचे केस पिकले त्या कामात आणि तुला काल शिंगं फुटली! ऑफिसात तोंड दाखवायला जागा ठेव त्याला.



शुक्रवार, ११ ऑक्टोबर
मागितली माफी. सगळ्यांसमोर. गाव्रिलच सांगत होता, मिशीत हसत. जुनं परत चालू. फळा हिरवा. आवृत्ती लिफ्टवाल्यांकडे रवाना. पेन्चेवने पाठीवर थाप मारली म्हणे.

रालित्सा जेवायला आली नाही.

१५ ऑक्टोबर
गेली. दूर चेक देशात, ब्रनोला, बसने. राजीनामा आधीच दिला होता. दारात म्हणाली, "आई, खरं कुणाचं, एवढं तरी विचारायचंस."

मला काय कळतं त्यातलं! चुलीत गेला तो कंपायलर.

१९ ऑक्टोबर
राकिया दारूचा दुसरा पेला झाल्यावर गाव्रिल आपणहून म्हणाला, "ती गुणाकाराची चाचणी मी पहिल्याच दिवशी माझ्या यंत्रावर चालवून पाहिली होती. एकटीच. दुसरं काही चालू नव्हतं."

"मग?"

"नापास झाली."

म्हटलं, सोमवारी पेन्चेवला सांग. आत्ता रालित्साला सांग!

"निवृत्ती जवळ आलीय, दोब्रिंका," म्हणाला, आणि टीव्हीचा आवाज वाढवला.