निळ्या दोऱ्याचं बटण

४ ऑक्टोबर

ताई,

आधी नमस्कार, मग राग. एकतीस वर्षांनी पत्र लिहिताना ख्यालीखुशाली कुठून विचारायची ते कळत नाही, म्हणून गुडघ्यांपासून सुरुवात करते. तुझे कसे आहेत? आईचे गुडघे तुझ्या वाट्याला आले आणि तिची जीभ माझ्या. माझ्या एका डोळ्यातला मोतीबिंदू काढला, दुसरा पिकतो आहे. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी मांजर पाळलंय, ते खातं त्यांच्याकडे आणि झोपतं माझ्याकडे. भाऊजी गेल्याचं मला वर्षभरानं कळलं, तेही तिसऱ्याच माणसाकडून. तेव्हा पत्र लिहायला घेतलं होतं. पुरं झालं नाही.

आता रागाचं.

काल टेलिव्हिजन केंद्राकडून पाकीट आलं. केंद्राला चाळीस वर्षं झाली म्हणून सोळा तारखेला, शुक्रवारी, समारंभ आहे. जाड कागद, सोनेरी कड. वर माझं नाव आणि त्याखाली ‘माजी टंकलेखिका’. जुन्या कर्मचाऱ्यांसाठी मागच्या तीन रांगा राखून ठेवल्या आहेत म्हणे.

टंकलेखिका! ताई, सेहेचाळीस नाटकं लिहिली मी तिथे. नोकरीला लागले ती टाइप करायलाच, हे खरं. दुसऱ्यांची नाटकं टाइप करता करता त्यातली माणसं इतकी पुस्तकी बोलताना दिसायची की मला राहवायचं नाही. मी वाक्यं बदलायची. नट अडखळेनासे झाले, तेव्हा साहेबांच्या लक्षात आलं. साहेब म्हणजे नाट्यविभागाचे प्रमुख, गळ्यात सदैव स्टॉपवॉच, आम्ही मागे त्यांना ‘पाळणाघर’ म्हणायचो, कारण प्रत्येक मिनिटाला त्यांना कुणीतरी सांभाळावं लागायचं. ते माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, “अहो बाई, येत्या मंगळवारसाठी तुम्हीच काहीतरी टाइप करून द्या ना.” पुढची अकरा वर्षं दर दोन-तीन महिन्यांनी हेच. लिहून द्या असं ते एकदाही म्हणाले नाहीत. टाइप करून द्या.

तेव्हा नाटक थेट जायचं. स्टुडिओत नट बोलला की त्याच क्षणी लोकांच्या घरात. चुकलं की चुकलं. पाटीवाला रंगारी प्रत्येक नाटकाची नावं पुठ्ठ्यावर रंगवायचा आणि त्यात लिहायचा, ‘लेखन : नाट्यविभाग’. मी एकदा साहेबांना विचारलं. ते म्हणाले, “बाईचं नाव दिसलं की प्रेक्षक रडायच्या तयारीनं बसतो, अहो.” आणि मी काय केलं असेल? खाली बसले आणि पुढचं पान टाइप केलं. त्यांच्यापेक्षा त्या खाली बसण्याचाच मला आज जास्त संताप येतो.

पण हे सगळं जुनं. नवं ऐक. पाकिटाबरोबर वर्तमानपत्राचं कात्रण आहे, साहेबांची मुलाखत. नाटक थेट जाताना केंद्र ते टेपवरही उतरवून घ्यायचं, पण टेप महाग म्हणून केंद्रानं आमची झाडून सगळी नाटकं पुसली आणि त्या टेपांवर फुटबॉलचे सामने उतरवले, हे तुला माहीत नसेल. आता कुणा शाळामास्तरांच्या माळ्यावर एक टेप सापडली आहे. त्यांनी त्या वेळी टीव्हीसमोर आपला टेपरेकॉर्डर ठेवून एका नाटकाचा आवाज उतरवून घेतला होता. नेमक्या त्याच नाटकाचा. त्यातली ती तीन मिनिटं शुक्रवारी सभागृहात ऐकवणार आहेत.

आणि साहेब मुलाखतीत म्हणतात, “नाटक लवकर संपत होतं. मी जागच्या जागी शब्द रचले आणि नटीला दिले. बाईचं मन ओळखायला बाईच असावं लागतं असं नाही.”

ताई, वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा! त्या तीन मिनिटांत हा माणूस स्टॉपवॉच हातात धरून “बाई, काहीतरी करा, काहीतरी करा” एवढंच म्हणत होता.

खरं काय झालं ते तुला मी कधी नीट सांगितलंच नाही. सांगायला तू जागा ठेवली नाहीस, आणि तुझं बरोबर होतं. तर ते नाटक दवाखान्यातलं. डॉक्टरचं काम करणारा नट अठराव्या पानावरून थेट तेविसाव्यावर गेला. आठला बातम्या, त्याच कॅमेऱ्यावर, आणि निवेदक अजून रंगपटात गालाला पावडर लावत होता. तीन मिनिटांचं भगदाड. अशा वेळेसाठी प्रत्येक नाटकाला एक राखीव तुकडा तयार ठेवायचा असतो, कुठेही जोडता येईल असा. आम्ही त्याला शेपूट म्हणायचो. त्या दिवशी संचालकांचं भाषण टाइप करण्यात माझी दुपार गेली, शेपूट झालंच नव्हतं. पर्समध्ये सकाळच्या टपालानं आलेलं तुझं पत्र होतं. हाताशी दुसरं काही नव्हतं, ताई. मी कोळशानं पुठ्ठ्यांवर मोठ्या अक्षरांत लिहीत गेले आणि कॅमेऱ्याच्या बाजूला धरत गेले. नटीनं टेबलावरचा पांढरा शर्ट उचलला, इस्त्री फिरवायला लागली आणि वाचत गेली. वाचायला नजर वर जायची, ते विचार केल्यासारखं दिसायचं. पुढचं तुला माहीत आहे. तुझ्या शेजाऱ्यांकडे तेव्हा टीव्ही होता आणि तू तिथे बसली होतीस, हे मला नंतर कळलं.

माझ्याजवळ ते पत्र अजून आहे. पाकिटावर टपालाचा शिक्का आहे, नाटकाच्या आदल्या दिवशीचा. साहेबांनी ‘जागच्या जागी’ रचलेला प्रत्येक शब्द त्यात आहे. एक पत्रकार बाई आहेत, त्यांना मी फोन केला. त्या म्हणाल्या, “कागद असेल तर छापते.” समारंभाच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, त्या येणार आहेत. तुझं नाव झाकून दाखवीन. भाऊजीही आता नाहीत. कुणाला काय त्रास होणार?

लहानपणी दुकानातून आले की दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघांचं बोलणं मी जसंच्या तसं करून दाखवायची, म्हणून तू मला मिठू म्हणायचीस. त्याच गुणावर जन्मभर जगले, आणि शेवटी पाकिटावर टंकलेखिका. एकदा, फक्त एकदा, माझं नाव लागू दे.

तुझी धाकटी

११ ऑक्टोबर

ताई,

तुझं कार्ड काल मिळालं. एकतीस वर्षांनी तीन शब्द. ‘इस्त्री कुठून आली?’

ना नमस्कार, ना सही. मी ते कार्ड स्वयंपाकघरातल्या ओट्यावर उभं करून ठेवलं आणि दिवसभर त्याच्याकडे पाठ करून कामं केली. आधी तुझ्यावरच चिडले. म्हटलं, एवढ्या वर्षांनी बहीण हात जोडते आहे आणि हिला इस्त्रीचं पडलंय. मग चहा उतू गेला. ओटा पुसताना मला कळलं की तू हा प्रश्न कालपरवा काढलेला नाहीस. त्या संध्याकाळीच, शेजाऱ्यांच्या खोलीत, चौदा माणसांमध्ये बसून तुला तो पडला असणार.

दवाखान्यात इस्त्री कुठून येणार? कोण डॉक्टर पेशंट तपासता तपासता शर्टाला इस्त्री करतो?

मी मागवली होती. दुपारी दोन वाजता. सामानवाल्याला सांगितलं, एक इस्त्री, एक घडीचं टेबल, एक पांढरा शर्ट, आणि शर्टाचं दुसरं बटण निळ्या दोऱ्यानं लावून आण. तो म्हणाला, “निळ्या? दिसणार नाही बाई, काळंपांढरं दिसतं सगळं.” मी म्हटलं, “तरी निळाच लाव.”

शेपूट तयार होतं, ताई. संचालकांचं भाषण वगैरे सगळं खोटं. आधीचं शेपूट होतं एका म्हाताऱ्या पेशंटचं, बरं होतं, चाललं असतं. सकाळी तुझं पत्र आलं आणि मी ते कॅन्टीनच्या टेबलावर वाचलं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा बहीण म्हणून, रडू आलं. दुसऱ्यांदा वाचताना मी वाक्यं मोजत होते. मग म्हाताऱ्याचं शेपूट फाडलं आणि कोळशानं नव्हे, रंगाऱ्याकडून ब्रश आणून, सावकाश, सुंदर अक्षरात, नऊ पुठ्ठे लिहिले. इस्त्री अशासाठी की पुठ्ठा बदलेपर्यंत नटीच्या हाताला काम हवं. एवढा विचार केला होता मी. फक्त तुझा सोडून.

आणि डॉक्टर झालेला तो नट पानं गाळायचा, हे साऱ्या केंद्राला ठाऊक होतं. त्या दिवशी तो अठरावरून तेविसावर गेला, तेव्हा साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. मला आनंद झाला. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

तुझे शब्द मला पाठ आहेत. ‘तो आता तिकडेच राहतो, पण शर्ट अजून इकडेच येतात. शनिवारी पिशवी आणून देतो. मी इस्त्री करते. शर्टावरून मला सगळं कळतं. परवा एक बटण निळ्या दोऱ्यानं लावलेलं होतं. पांढऱ्या शर्टाला निळा दोरा. बिचारीला वेळ नसेल, असं माझ्या मनात आलं आणि माझाच मला राग आला.’

असं मला जन्मात सुचलं नसतं. सेहेचाळीस नाटकांत नाही. साहेबांना तर सात जन्मांत नाही.

तू सगळ्यांना सांगितलं होतंस की भाऊजींची बदली झाली आहे. आणि तुझ्या मागे बसलेल्या शिंपीणबाईंनी तो शर्ट तुझ्या दोरीवर पाहिला होता, बटणासकट. हे मला आईनं सांगितलं. खोलीतल्या एकेकानं टीव्हीवरची नजर काढून तुझ्याकडे वळवली, आणि तू नाटक संपेपर्यंत उठली नाहीस, हेही तिनंच सांगितलं. पुढच्या शनिवारी पिशवी आली नाही. पिशवी द्यायला येत होते तोवर भाऊजी पंधरा मिनिटं बसायचे, तुमच्या मुलीची गणितं तपासायचे. ते थांबलं. ते दुसऱ्या बाईमुळे थांबलं, असं मी स्वतःला इतकी वर्षं समजावत आले. ते माझ्यामुळे थांबलं.

साहेबांना मी नागोबा म्हटलं. बीळ माझं असतं तर शोभलं असतं. चोरावर मोर एवढंच झालं, आणि पहिली चोर मी आहे.

राग गेलेला नाही हं. उलट वाढलाय. त्या माणसानं माझी पंचेचाळीस नाटकं गिळली, त्याचा राग माझा आहे आणि तो मी सोडणार नाही. पण उरलेल्या त्या एका नाटकाचा राग तुझा आहे. मी तोही स्वतःच्या नावावर करायला निघाले होते.

पत्रकार बाईंना आज फोन केला आणि सांगितलं, कागद देता येणार नाही. त्या म्हणाल्या, “मग छापता नाही येणार.” बरोबरच आहे.

शुक्रवारी मी जाणार आहे. मागच्या रांगांत नाही, पुढे बसणार आहे, कुणी उठवून दाखवावंच. टेप वाजेल. साहेब म्हणतील, हे माझे शब्द. तेव्हा मी उभी राहून म्हणणार, नाही. खाली बसणार नाही. मग तुमचे का, असं विचारतील. त्यालाही नाहीच म्हणणार. कुणाचे, ते सांगणार नाही. एवढंच सांगेन की ज्या बाईचे आहेत तिला कुणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

तुझं पत्र या पाकिटात परत पाठवते आहे, त्याच्या पाकिटासकट, शिक्क्यासकट. नक्कल काढलेली नाही. घडीवर पडलेला डाग कॅन्टीनच्या चहाचा आहे.

त्यातलं शेवटचं वाक्य नऊ पुठ्ठ्यांत कुठेच नव्हतं. ते मी मुद्दाम वगळलं होतं, कारण ते नाटकात बसत नव्हतं. तू लिहिलं होतंस, ‘तुला सांगून मोकळी झाले, वाचलंस की फाडून टाक.’

मला ते जमलं नाही, ताई. तू फाड.

मिठू