सुगंधाच्या घरातली शांतता

शुक्रवार, संध्याकाळ

मी विनायक सखाराम राऊत, वाणिज्य पदवीधर, बोईसरच्या शिकवणीत आठवीच्या मुलांना संगणकावर आवाज तपासायला शिकवतो. आजची चूक स्वतःसाठी नोंदवत आहे.

घरातली रात्रीची शांतता मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून आणायची, असा गृहपाठ होता. मुलांचा प्रोग्राम आवाजाचे चित्र काढतो. जाड आवाजाची रेघ खाली, बारीक आवाजाची वर. कारखान्यांजवळच्या सालवड गावातल्या सगळ्या मुलांच्या चित्रांत खाली ठळक रेघ होती, कारखान्यांच्या घरघरीची. दूरच्या मासवण गावाहून येणाऱ्या सुगंधा या मुलीच्या चित्रात ती नव्हती.

"माइक बंद ठेवून झोपली असेल, सर," रोहन म्हणाला. वर्ग हसला.

"नाय सर, चालूच व्हता. आमच्याकडं रातचं असंच असतं," सुगंधा म्हणाली.

मी ऐकून घेतले नाही. पुन्हा करून आण, म्हणालो.

"मग मी येतच नाय," म्हणून ती निघून गेली.

दमून घरी आलो. पंखा, फ्रिज, सारे बंद करून खोलीतला आवाज ध्वनिमुद्रित केला. खाली तीच रेघ. आणि या खोलीला मी इतकी वर्षे शांत म्हणत आलो?

सुगंधाचे चित्र पुन्हा उघडले. खाली काहीच नाही. पण अगदी वर एक बारीक, तुटक रेघ. रातकिडे. म्हणजे माइक चालूच होता. मी खालचीच रेघ शोधत राहिलो.

उद्या वर्गासमोर चूक कबूल करायची. पण ती नसेल, तर कबूल करून काय उपयोग? अंगात त्राण नाही. तरी सकाळी आधी मासवणला, तिच्या घरी.

वि. स. राऊत
बोईसर, १४ नोव्हेंबर