परातभर पाक

माय, तुला एक विचारायचंय, आणि ते कागदावर आणायला मी इतकी वर्षं घालवली याचं माझं मलाच नवल वाटतं. शेवटच्या दिवसांत मध चाटून तू जे बोललीस, त्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. कधी एक वाटतो, कधी बरोबर उलटा.

कळवणच्या आपल्या स्वयंपाकघरात, चुलीशेजारच्या भिंतीत तो कोनाडा. बाहेरून बोटभर फट, आतून फळी, तिच्या कडा शेणामातीने लिंपलेल्या, आणि मागे सातेरी माश्यांची पोळी. बारीक, काळसर, आपापल्या कामात असलेल्या माश्या. वर्षातून एकदा तू गोवरीचा धूर करून फळी काढायचीस आणि अर्धीच पोळी कापायचीस. मी आणखी मागितलं की हातावर चापट. "त्यांना नको का खायला?" मग मला डोळे मिटायला लावून एका बोटाने बाजारचा मध चाटवायचीस, दुसऱ्याने भिंतीतला. मी दर वेळी बरोबर ओळखायचे आणि तू ते आळीभर सांगत सुटायचीस. पोरीची जीभ कशी तयार आहे म्हणून!

नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा जो तो बियाण्यासाठी कांद्याचे डोंगळे लावायला लागला. त्यांच्या पांढऱ्या गोंड्यांवर माश्या बसल्या नाहीत तर बी भरत नाही, म्हणून पिंपळगावहून टेम्पोने लाकडी पेट्या यायला लागल्या. आत परदेशी माशी, आपल्या सातेरीपेक्षा मोठी, पिवळी. हंगाम संपल्यावरही मी दोन पेट्या ठेवून घेतल्या. तू तेव्हा अंथरुणाला खिळलेली, मोतीबिंदूने डोळे धूसर. भिंतीतला आवाज ऐकू यावा म्हणून खाट कोनाड्याला लावून घेतली होतीस. अंगणातल्या पेट्यांची घरघर ऐकून म्हणालीस, "पाहुण्या लय खाणाऱ्या वाटत्यात." मी हसले होते.

उन्हाळ्यात फुलं संपली. पेटीवाल्याने बजावलं होतं, "साखरेचा पाक पेटीच्या आतच द्या ताई, बाहेर थेंब सांडू नका." का, ते त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मला वाटलं, पेटीतल्यांना पाक आणि भिंतीतल्या उपाशी, हा कुठला न्याय? मी परातभर पाक भिंतीच्या फटीखाली ठेवला, बुडू नयेत म्हणून वर काड्या टाकल्या. सगळ्या एका पंगतीला जेवतील. पहिल्या दिवशी जेवल्याही. दुसऱ्या दिवशी पाक संपला आणि पिवळ्या माश्या सरळ वरच्या फटीत घुसल्या. मी परात उचलली, फटीवर ओलं फडकं दाबलं, पण त्यांना वाट सापडली होती. आतला मध लुटून नेत होत्या. खिडकीतून तुझा आवाज आला, खुशीतला. "आज लय जोरात हायेत गं. मध भरत असतील." बाहेर मी मेलेल्या काळ्या माश्या सुपात गोळा करत होते. "हो," म्हणाले.

तिसऱ्या दिवशी भिंत गप्प. "हायेत ना?" तू विचारलंस. मी म्हटलं, आहेत की, उन्हाने गप्प आहेत. मग तू रोज विचारायचीस आणि मी रोज तेच सांगायचे. आधी तुझ्या रागाला भिऊन, नंतर तुझ्या तब्येतीला.

आणि एक दिवस तू भिंतीतला मध मागितलास. मी गोवरीचा धूर केला, फळी काढली, कुरतडलेल्या कोरड्या पोळ्यांवर उगीच सुरी खरवडली आणि पेटीतला मध वाटीत घालून तुला दिला. माय, इतक्या जवळ फळी निघाली आणि एकही माशी भणभणली नाही, हे तुला कळलं नसेल? तू बोटभर चाटलास. मग म्हणालीस, "यंदा काही येगळंच फुललंय." वाटी माझ्याकडे सरकवलीस. "बाकीचा त्यांना राहू दे. पुन्हा फळी नको उघडू." त्याच महिन्यात तू गेलीस.

तुला कळलं होतं आणि तू मला सांभाळून घेतलंस, की खरंच त्यांच्या वाटणीचा मध राखत होतीस? पुढे डोंगराकडच्या पाड्यांवरूनही ऐकलं, सातेरी दिसेनाशी झाली. कुणी रोग म्हणतं, कुणी फवारणी, कुणी या पिवळ्या माश्या. म्हणजे परात ठेवली नसती तरी त्या गेल्याच असत्या का? असं वाटलं की जरा बरं वाटतं, आणि बरं वाटल्याची लाज वाटते. पेट्या मी देऊन टाकल्या, पण डाळिंबाच्या बहराला टेम्पो येतातच.

हा कागद कोनाड्यात ठेवावा असं मनात आलं होतं. पण फळी उघडू नको म्हणालीस, तेवढं तरी पाळते.

आणि आणखी एक. लहानपणी मी चवीने कधीच ओळखलं नाही. भिंतीतला मध चाटवताना तू आधीच हसायला लागायचीस, ते मी पापण्यांच्या फटीतून बघायचे. तू गेल्यावर वाटीत उरलेला मध मी डोळे घट्ट मिटून चाटला. मला तो आपल्या भिंतीतलाच वाटला.