मक्याला अंतर देणार नाही

३ जून
ही आज बहिणीकडे गेली. चार दिवस राहीन म्हणाली. बॅग मात्र मोठी नेली. कारण किरकोळ. रिटायर झाल्यापासून मी घरात लक्ष घालतो, ते हिला सोसत नाही. काल स्वयंपाकघरातल्या फळ्या नव्याने लावल्या. सारी नोकरी गोदामात गेली, रिकामी जागा म्हणजे निव्वळ नुकसान हे मला कळतं. हिला चहाचा डबा सापडला नाही. त्यावरून एवढं?

४ जून
संकल्प: घरामागच्या तुकड्यात यंदा मका मी पेरणार. दरवर्षी ही पेरते आणि दोन ओळींत एवढी जागा सोडते की मधून हातगाडी जावी. यंदा दुप्पट पीक. ही खूश होईल आणि राहील.

७ जून, सकाळ
बियाणंवाला म्हणाला, ओळी जवळ घ्यायच्या तर हे बुटकं, उभट पानांचं वाण न्या. उंच वाण हवं तर ओळींत अडीच फूट सोडा. पिशवीवरचा फोटो बघून उंच घेतलं. ओळी फुटाफुटावर टाकणार. दोन्हीकडचा फायदा. इतकी वर्षं दुकानात बसून याला हे सुचू नये!

संध्याकाळ
पेरणी झाली. शेजारी कुंपणावरून म्हणाले, अंतर कमी पडतंय. म्हटलं, लग्नात हिला शब्द दिलाय, कधी अंतर देणार नाही. मक्यालाही तोच नियम. ते हसले नाहीत. विनोद कळायला अंगात असावा लागतो.

१९ जून
चार दिवस कधीच उलटले. सकाळी फोन केला. मेहुणी म्हणाली, ताई आंघोळीला गेलीय. दुपारी केला, झोपलीय. संध्याकाळी केला, पुन्हा आंघोळीला. तिकडे उकाडा फार दिसतो.

१० जुलै
मका गुडघ्याला लागला. शेत असं गच्च की माती दिसत नाही. हिला फोटो पाठवला. हिने पाहिला. उत्तर नाही, म्हणजे राग गेला. राग असता तर काहीतरी लिहिलं असतं.

२ ऑगस्ट
मका डोक्यावर गेला. ताटं जरा बारीक आहेत. सडपातळ म्हणू. खालची पानं पिवळी. खत घालायला गेलो तर आत शिरताच येईना. शेजारी म्हणतात, दाटी झालीय, मधली रोपं उपटा. जमणार नाही. ही येईल तेव्हा शेत भरलेलं दिसायला हवं.
फोन हिनेच उचलला. भरपूर बोलणं झालं. म्हणजे मी बोललो. ठेवताना हिने विचारलं, जेवलात का. हो म्हटलं. मग जेवण गेलं नाही. मक्याची काळजी, दुसरं काही नाही.

२८ ऑगस्ट
काल वारा सुटला. अर्धं शेत आडवं. एक ताट पडलं ते शेजारच्या ताटाला घेऊनच. असो, उरलेल्याला हवा मिळेल.
फळ्या पूर्वीसारख्या लावायला घेतल्या. कुठला डबा कुठे असायचा, एकही आठवेना. त्याच खोलीत रोज जेवलो, हिच्याशी बोलत. वाईट वाटलं. अजून वाटतंय.

२० सप्टेंबर
ही आली! दारातच विचारलं, बॅग कुठाय? गरम कपडे न्यायला आले, म्हणाली.
शेत दाखवलं. ही पुढे, मी मागे, समजावत. हिने एक कणीस सोललं. बोटाएवढं, त्यात चार दाणे. बऱ्याच ताटांना तेवढंही नव्हतं. म्हटलं, वाणच फसवं निघालं.
"वाण चांगलं आहे," ही म्हणाली. "अंतर द्यायला हवं होतं."
म्हटलं, तुला तर शब्द दिला होता.
"म्हणून श्वास घ्यायलाही जागा ठेवायची नाही का हो?"
आणि रडायला लागली. मी जवळ जायला निघालो, तर हिने हात वर केला. जिथे होतो तिथेच उभा राहिलो. मध्ये अडीच फूट असतील.

२१ सप्टेंबर
ही कपडे घेऊन गेली. जाण्याआधी चहाचा डबा जागेवर ठेवून गेली. जागा शेगडीच्या उजवीकडे आहे.
संकल्प: पुढच्या वर्षी ओळींत अडीच फूट. हिला फोन आठवड्यातून एकदाच.
या आठवड्याचा आत्ताच केला. कुणी उचलला नाही.