डावी बाजू

विलेपार्ले (पूर्व)
१८ जानेवारी २०२५

प्रिय मालन,

समोरच्या इमारतीत राहणाऱ्या मैत्रिणीला पत्र लिहिते आहे म्हणून हसू नकोस. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. तुझ्या नातवाची, सुयोगची सर्दी बरी झाली का? आमच्याकडे सगळे ठीक.

सकाळपासून शाळेतला नळ आठवतो आहे. वर्सोव्याहून आणलेल्या तुझ्या डब्यात कोळंबी असली की तू माझ्याजवळ न बसता नळापाशी जेवायचीस. मग साबणाने दोन्ही हात धुऊन माझ्या नाकाखाली धरायचीस. "हुंग. येतोय वास?" सिस्टरनी जोड्यांची रांग लावली की मगच तुझा डावा हात माझ्या हातात. कोळंबीने एकदा माझे ओठ सुजून डोळे मिटले होते, ते तू पाहिले होतेस.

आता गुडघ्याचे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, झीज नुकती सुरू झाली आहे, घाबरू नका. सपाट रस्त्यावर रोज चाला, पण बोलता येईल इतक्याच वेगाने. खुर्चीत बसून पाय सरळ उचलायचा व्यायामही दिला आहे. ड जीवनसत्त्व कमी निघाले, त्याची गोळी चालू आहे. सांध्यांच्या बाकीच्या गोळ्यांनी काहींना बरे वाटते, काहींना नाही. विचारल्याशिवाय घेऊ नका म्हणाल्या.

दिवाळीनंतर दुखत होते तेव्हा मी तुला म्हटले, सकाळच्या फिरण्याला माझ्यासाठी थांबू नकोस, तू जा. मालन, असे म्हटल्यावर कोणी खरेच जाते का गं? तू गेलीस. आणि लगेच तुझ्या मजल्यावरची निशा तुझ्याबरोबर. ती चांगली आहे. झपाझप चालते. तिने आणलेली लाल टोपी तुला शोभते. ती तुझ्या डावीकडून चालते, हेही बाल्कनीतून दिसते. मी बघत बसते असे नाही, कुंड्यांना पाणी घालायला जाते. कुंड्यांत हल्ली चिखल झाला आहे.

रविवारी तू बाटली घेऊन आलीस. "निशाच्या गोळ्या आहेत. तिचा गुडघा झकास झाला, तूही घे ना." मी हसून ठेवून घेतली. तू गेल्यावर चष्मा लावून लेबल वाचले. कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून बनवलेल्या. डॉक्टरीणबाईंना विचारले, तर म्हणाल्या, तुम्ही हातसुद्धा लावू नका.

निशाला कसे माहीत असणार? तिच्यावर माझा राग नाही. थोडा आहे. पण तू विसरलीस. आई गेली, दादा गेला. माझे ते सुजलेले तोंड पाहिलेली तू एकटीच उरली आहेस.

चालणे मी सोडलेले नाही. तुम्ही दोघी बागेकडे वळलात की मी मागच्या गल्लीने निघते. पण बरोबर कोणी नाही, त्यामुळे बोलता येईल इतका वेग म्हणजे किती, तेच कळत नाही.

पत्राबरोबर बाटली पाठवते आहे, ती निशाला परत कर, तिच्या कामाची आहे. डब्यातले तिळाचे लाडू सुयोगला. तुझी साखर वाढली आहे, तू एखादाच घे. लाल टोपी तुझ्याकडे असू दे. सकाळची बाग निशाला. उद्यापासून संध्याकाळ मला हवी, हळूहळू चालायची. आणि तुझी डावी बाजू कुणालाही देऊ नकोस, ती केव्हाच दिलेली आहे.

अजूनही हात हुंगून मगच धरणारी,
तुझी शर्मिष्ठा