सीतेच्या वेणीला माती

आई, नातीनं परवा काचेचं एक उघडं भांडं घरात आणलं. त्यात कोळसा, झाडाची साल आणि वर मुळं मोकळी सोडलेली दोन ऑर्किडं. आठ दिवस ती बाहेरगावी गेली आहे. जाताना मला बजावून गेली, "आजी, सकाळी नुसतं पाणी शिंपड, जास्त लाड नकोत." तेव्हापासून मी त्या भांड्यासमोर बसून आहे, आणि तुम्ही काही डोळ्यांपुढून हलत नाही.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तुमचे भाऊ रत्नागिरीहून बदलून भूमच्या कचेरीत आले, आणि वर्षाच्या आत तुम्ही धाराशिवला माझी दुसरी आई होऊन आलात. मी दहा वर्षांची. तुम्हाला आई म्हणायला मला वेळ लागला, आणि 'तुम्ही' तर कधी सुटलंच नाही. एसटीतून उतरलात तेव्हा तुमच्या हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेला आंब्याच्या फांदीचा तुकडा होता, आणि त्याला घट्ट धरून बसलेली सीतेची वेणी, तुमच्या कोकणातलं ऑर्किडच ते. आत्याला वाटलं, माहेरचा खाऊ आहे.

आमच्याकडच्या उन्हाळ्यात माणसांचे ओठ फुटतात, तिथं हे झाड काय तग धरणार? पण तुम्ही कुणा फरसाणवाल्याची जुनी काचेची पेटी मिळवलीत, झाकण गेलेली. तळाशी विटांचे तुकडे, कोळसा, नारळाची सोडणं आणि त्यावर ती फांदी. सकाळी बोटांनी पाणी शिंपडायचं, दुपारी भोवती ओलं पोतं. मी शाळेतून येते आणि काचेला गाल लावून बसते. आत गारवा आहे, हिरवा उजेड आहे, पांढरी मुळं हवेत लोंबताहेत, आणि तुम्ही हळू आवाजात तुमच्या गावचं सांगताय, भिंतींवरचं शेवाळ, झाडांवर वाढणारी झाडं. मला त्यातलं काही खरं वाटत नाही, आणि तिथून उठवतही नाही.

"हिला माती नको?"

"नको गो. ही वाऱ्यातलं पाणी पिते. मुळं मोकळी हवीत हो तिला."

दुसऱ्या वर्षी, शाळा उघडायच्या सुमाराला, ती फुलली. आत्या देवासाठी ताम्हन घेऊन उभी, आणि तुम्ही तो जांभळट घोस माझ्या वेणीत माळलात. फूल पडेल म्हणून मी दिवसभर मान वळवली नाही. त्या दिवशी तुम्ही माझ्या झालात, आणि लगेच मला भीती वाटू लागली.

आत्या वाईट नव्हती, माझी आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं होतं. पण तुम्ही आठ दिवस भूमला भावाकडं गेलात, तेव्हा शेंगा फोडताना ती शेजारणीला म्हणाली, "हिचं मन लागंना इथं. मातीबिगर का कुठं झाड जगतंय? उचललं की चाललं. ही बी तशीच जाणार बघा एक दिवस."

मी परसातली काळी माती टोपलीभर आणली. पेटीत भरली, मुळं झाकून दाबली, तांब्यानं पाणी घातलं. रोज घातलं. झाडानं इथली माती धरली की तुम्हीही धराल, एवढंच माझं गणित. सहाव्या दिवशी खालची पानं काळपट, मऊ पडली. घाबरून मी सगळी माती उपसली, मुळं धुतली, काच पुसून ठेवली.

तुम्ही आलात आणि बोटानं देठ दाबून पाहिलात. आठवड्यात झाड गेलं. "जाताना माझ्याच हातून पाणी जास्त झालं हो," तुम्ही म्हणालात. पुढं कुणी कोकणातून दुसरं आणून देतो म्हटलं की तुमचं एकच, "नको. माझा हात नाही त्याला." तीस वर्षं हे ऐकलं मी, जवळ उभी राहून. तुम्ही कुठंही गेला नाहीत. शेवटच्या आजारात पाय चेपताना दोनदा तोंड उघडलं मी, आणि दोन्ही वेळा औषधाचंच विचारलं.

नात यायच्या आत हे कागद गादीखाली जातील, म्हणून राहिलेलंही लिहून टाकते. तुम्ही ते झाड उचलून टाकलंत तेव्हा मी तुमच्या पदरात तोंड खुपसून रडले, आणि तुम्ही मलाच समजावत होतात. रडू खरं होतं, आई. पण आतून मला बरं वाटत होतं. आता परत घेऊन जायला तुमच्याजवळ काही उरलं नव्हतं.